मांजराचे टाके आणि घरातली हळद

शिवमंदिराच्या रस्त्यावर राहणाऱ्या एक काकू एका सकाळी भाजीच्या पिशवीत मांजर घेऊन दवाखान्यात आल्या. पिशवीचे तोंड नाडीने बांधलेले आणि आतून मनीची अखंड तक्रार चाललेली. पिल्ले होऊ नयेत म्हणून केलेल्या मनीच्या शस्त्रक्रियेला तीन दिवस झाले होते. तिला टेबलावर घेतले, तर डाव्या कुशीवरचे टाके दिसतच नव्हते. तेथे खोबरेल तेलात कालवलेल्या हळदीचा जाड थर होता. त्यावर देवळातून आणलेला अंगारा आणि त्या सगळ्यात घट्ट चिकटून बसलेले केस. मनीची जीभ, हनुवटी आणि पुढचे दोन्ही पंजे पिवळेधमक झाले होते.

काकू म्हणाल्या, "अहो डॉक्टर, वेडेवाकडे काही लावले नाही हो. हळदच तर आहे. आम्हांला कापले-खुपले की आई हीच दाबून धरायची. माणसाला चालते, मग हिला का चालू नये?"

प्रश्न अगदी रास्त आहे. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या घराघरांत आज मांजरे आहेत. त्यांच्या शस्त्रक्रिया पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक होतात, आणि घरी परतलेल्या मांजराच्या टाक्यांवर हळद, कडुनिंब, कोरफड, मध असे काहीतरी लावले जातेच. लावणाऱ्याच्या मनात मायाच असते. म्हणून या आठवड्यात काकूंच्याच प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देतो.

शस्त्रक्रियेची जखम निराळी

आपल्या आजीने हळद लावली ती कोणत्या जखमेवर? विळीने कापलेल्या बोटावर, ठेचकाळलेल्या अंगठ्यावर, खरचटलेल्या गुडघ्यावर. या जखमा मातीत, धुळीत, स्वयंपाकघरात होतात. त्या उघड्या असतात, रक्त वाहत असते आणि जंतू आत शिरलेले असतात. अशा वेळी रक्त थांबवणारे आणि जंतूंना आवर घालणारे काहीतरी हाताशी असणे फार मोलाचे होते.

शस्त्रक्रियेची जखम याच्या अगदी उलट असते. पशुवैद्य त्या जागेचे केस काढतो, त्वचा जंतुनाशकाने पुन्हापुन्हा स्वच्छ करतो, निर्जंतुक हत्यारांनी छेद घेतो आणि आतला थर व वरची त्वचा निरनिराळी शिवून कडा एकमेकींना नीट भिडवतो. शिवण सरळ बसली की साधारण दोन दिवसांत त्या रेषेवर नव्या पेशींचा पातळ पापुद्रा धरू लागतो. शरीराने स्वतःच लावलेले हे झाकण बाहेरच्या जंतूंना अडवते. त्यामुळे बंद, कोरड्या आणि स्वच्छ टाक्यांना बहुतेक वेळा कोणत्याच औषधाची गरज नसते, ना झाडपाल्याच्या ना बाटलीतल्या.

उलट त्यावर जे काही चोळावे त्याने तो पापुद्रा निघतो. लेप वाळला की दोऱ्यांना चिकटतो, आणि काढताना टाकेही ओढले जातात. तेलकट लेपाखाली त्वचा ओलसर राहते. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत असा ओलावा म्हणजे जंतूंना आमंत्रणच. खुद्द दवाखान्यातली जंतुनाशकेही फार तीव्र वापरली, तर जंतूंबरोबर जखम भरून काढणाऱ्या कोवळ्या पेशींना मारतात. तेव्हा "थोडे जास्त लावले तर लवकर बरे होईल" हा हिशेब येथे चुकतो.

मांजराचे यकृत आणि मांजराची जीभ

आता काकूंच्या प्रश्नाचा दुसरा भाग. माणसाला चालते ते मांजराला का चालत नाही?

पहिले कारण जीभ. मांजर दिवसाचा बराच वेळ अंग चाटण्यात घालवते. त्याची जीभ कानशीसारखी खरखरीत असते, तिच्यावर मागे वळलेले बारीक काटे असतात. अंगावर परके काही लागले, विशेषतः वासाचे किंवा तेलकट, तर ते साफ केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. म्हणजे मांजराच्या त्वचेवर लावलेले प्रत्येक औषध हे पोटात घेतलेले औषध समजावे. त्यात तुपातेलाचा किंवा दुधावरच्या सायीचा लेप असेल, तर आपण त्याला टाके चाटायचे बोलावणेच धाडतो. जिभेच्या काट्यांनी दोरे सैल होतात, गाठी सुटतात आणि तोंडातले जंतू जखमेत जातात.

दुसरे कारण यकृत. माणसाचे यकृत फिनॉल जातीच्या आणि तत्सम अनेक रसायनांना ग्लुक्युरोनिक आम्लाची जोड देते. त्यामुळे ती पाण्यात विरघळतात आणि लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर पडतात. जणू कचऱ्याचे गाठोडे बांधून दाराबाहेर ठेवावे तसे. मांजराच्या यकृतात हे गाठोडे बांधणारी यंत्रणा फार दुबळी आहे. त्यासाठी लागणारे एक महत्त्वाचे जनुक मांजरात निकामी झालेले आहे, असे अमेरिकेतील संशोधकांनी २००० साली दाखवून दिले. वाघ-सिंहांपासून घरच्या मनीपर्यंत सारे मार्जारकुळ पिढ्यान् पिढ्या मांसावर जगले. झाडपाला खाणाऱ्या प्राण्यांना वनस्पतींतील उग्र रसायने पचवावी लागतात, तशी वेळ यांच्यावर आली नाही. म्हणून न वापरलेली ही यंत्रणा कालांतराने गळून पडली असावी, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

"झाडपाल्याचे औषध, त्याने काय अपाय होणार?" हे वाक्य आपण सर्रास बोलतो. मांजराच्या बाबतीत मात्र नेमकी झाडपाल्यातली तीव्र द्रव्येच त्याला झेपत नाहीत. लवंगेच्या तेलातले युजेनॉल, ओव्यातले थायमॉल, कापूर, निलगिरी तेल, टर्पेंटाइन ही सगळी वनस्पतींपासूनच मिळतात आणि सगळीच मांजराला धोक्याची आहेत.

ऑस्ट्रेलियातील एका झाडापासून काढलेले टी ट्री तेल आता आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांतही मिळते. ते त्वचेसाठी उत्तम जंतुनाशक म्हणून विकले जाते. हे तेल शुद्ध स्वरूपात वापरल्याने कुत्र्या-मांजरांना विषबाधा झाल्याच्या ४४३ घटनांचा अभ्यास अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांत १०६ मांजरे होती. लाळ गळणे, अशक्तपणा, तोल जाणे, अंग थरथरणे ही लक्षणे काही तासांतच दिसू लागली आणि काहींत तीन दिवसांपर्यंत टिकली. बहुतेक ठिकाणी हे तेल चुकून सांडलेले नव्हते. मालकांनी ते औषध म्हणून मुद्दाम लावले होते.

तिसरे कारण मांजराच्या कातडीचे. मांजराची जखम कुत्र्याच्या मानाने सावकाश भरते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोघांच्या टाके घातलेल्या जखमांची ताकद सातव्या दिवशी मोजली. मांजराच्या जखमेची ताकद कुत्र्याच्या साधारण निम्मी भरली. वरून सगळे छान बरे दिसत असले, तरी आठव्या दिवशी मांजराने कपाटावरून उडी मारली तर टाके उलू शकतात, ते यामुळे.

हळदीची खरी योग्यता

हळदीला कमी लेखण्याचा येथे मुळीच हेतू नाही. जखम भरण्यासाठी हळद हा विषय तर एकदा थेट अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात गाजला आहे. मार्च १९९५ मध्ये तेथील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. तेव्हा परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेल गावी जन्मलेले आणि मुंबईत पालिकेच्या शाळेत शिकलेले. जुने ग्रंथ आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला एक लेख असे पुरावे परिषदेने मांडले. हे ज्ञान आमच्याकडे पूर्वापार आहे, त्यात नवा शोध कोणता, असा तिचा मुद्दा होता. १९९७ साली पेटंट कार्यालयाने तो मान्य करून पेटंट रद्द ठरवले. ही हळदीची लढाई आपण जिंकली आणि तिचा अभिमान वाटावा अशीच ती होती.

पण त्या निकालाने नेमके काय सिद्ध झाले हे पाहावे. जखमेवर हळद लावणे ही नवी गोष्ट नाही, एवढेच सिद्ध झाले. डब्यातली हळद मांजराच्या टाक्यांवर लावावी, असे कोणी म्हटलेले नाही. हळदीतले कर्क्युमिन हे द्रव्य सूज कमी करते, काही जंतूंची वाढ रोखते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. मात्र प्रयोगशाळेतली शुद्ध हळद आणि फळीवरच्या डब्यातली हळद यांत फार अंतर आहे.

सांगलीच्या बाजारातली उत्तम हळद घेतली तरी ती जमिनीतला कंद आहे. उकडणे, वाळवणे, पॉलिश करणे, दळणे, पोत्यात भरणे, सुटी विकणे, इतका प्रवास करून ती आपल्या डब्यात येते. मातीतल्या काही जंतूंची बीजे टणक कवचात राहतात. ती उन्हात मरत नाहीत, उकडण्यातही सगळी मरत नाहीत. भाजीच्या फोडणीत चिमूटभर हळद घातली तर याने काही बिघडत नाही. तीच पूड ताज्या टाक्यांच्या फटीत भरली तर बिघडू शकते. मसाल्यांतला हा जंतूंचा भार कमी करण्यासाठी वाशी येथे गॅमा किरणांनी मसाल्यांवर प्रक्रिया करणारा सरकारी प्रकल्प २००० साली सुरू झाला, यावरूनच काय ते समजावे. याच किरणांनी शस्त्रक्रियेचे साहित्य निर्जंतुक करण्याचे केंद्र ट्रॉम्बे येथे १९७४ पासूनचे आहे. मसाला आणि शस्त्रक्रियेचा कापूस दोन्ही किरणांखालून जातात, पण दोघांसाठी किरणांची मात्रा निरनिराळी असते. स्वयंपाकाची स्वच्छता आणि टाक्यांची निर्जंतुकता या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत.

दुसरे, पिवळा रंग खुलावा म्हणून हळदीत शिसेयुक्त रंगाची भेसळ झाल्याची उदाहरणे आहेत. चाटून ते शिसे मांजराच्या पोटात जाते. तिसरी गोष्ट मला रोजच्या कामात सर्वांत जास्त नडते. हळदीखाली काहीच दिसत नाही. टाक्यांभोवती लाली आली आहे का, पाणी सुटते आहे का, पू कोणत्या रंगाचा आहे, हे पाहूनच जखमेचा अंदाज घ्यायचा असतो. सगळेच पिवळे झाल्यावर पाहायचे काय?

हळद स्वतः मांजराला विष नाही, हेही सांगायला हवे. कोणी चिमूटभर लावली असेल तर घाबरून जाण्याचे कारण नाही. फक्त आणखी लावू नये.

बाकीचा झाडपाला

कडुनिंब: पाल्यात जंतूंना रोखणारी द्रव्ये आहेत. पण वाटलेला पाला म्हणजे झाडावरची धूळ आणि पाट्यावरची घाणही आलीच. कडुनिंबाचे तेल उग्र असते. ते चाटल्यावर मांजराला लाळ सुटते, उलट्या होतात. आपल्या जुन्या वैद्यांनी जखमा धुण्यासाठी काढे सांगितले आहेत, हे येथे आठवावे. सुश्रुतसंहितेत जखमेवरच्या उपचारांचे साठ प्रकार आहेत. काढा म्हणजे उकळलेले पाणी. जंतूंचे शास्त्र माहीत नसतानाही उकळण्याची शिस्त त्यांनी ठेवली होती. आपण पाला तेवढा उचलला आणि उकळणे विसरलो.

दगडीपाला: रेल्वेच्या कडेला, मैदानात, डोंगरउतारावर पिवळ्या-पांढऱ्या बारीक फुलांची ही वनस्पती उगवते. हिलाच कोणी एकदांडी म्हणतात. खेळताना खरचटले की पाने चुरगळून रस लावायचा, हे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी केले असेल. जखम भरण्यावर तिचा परिणाम पाहणारे प्रयोग उंदरांवर झाले आहेत आणि काही निष्कर्ष आशादायक आहेत. परंतु ते प्रयोगशाळेत तयार केलेल्या अर्काचे आहेत. रस्त्याकडेच्या पाल्यावर कोणकोणत्या प्राण्यांनी काय काय केलेले असते, ते मी वेगळे सांगायला नको.

तुळस: पूजेची तुळस पवित्र खरी, पण तिच्या तेलातही युजेनॉल असते. एखादे पान मांजराने हुंगले तर काही होत नाही. पानांचा रस किंवा तुळशीचे तेल मात्र टाक्यांवर नको.

कोरफड: पानाच्या आतला पारदर्शक गर थंडावा देतो. साल आणि गर यांच्यामध्ये एक पिवळा कडू चीक असतो, तो जुलाब करणारा आहे. घरी कापलेल्या पानात हे दोन्ही मिसळतात आणि मांजर दोन्ही चाटते.

मध: या यादीत शास्त्राच्या कसोटीला सर्वांत चांगला उतरलेला पदार्थ मध. मधमाशी त्याला फुलांच्या रसापासून बनवते, म्हणून अर्धा तरी वनस्पतींचाच म्हणायचा. जखमेतले पाणी शोषून घेणे आणि जंतूंना जगू न देणे हे दोन्ही गुण त्यात आहेत. उघड्या, टाके न घालता येणाऱ्या, कुजलेल्या जखमांवर पशुवैद्य त्याचा उपयोग करतात. पण तो किरणांनी निर्जंतुक केलेला औषधी मध असतो आणि त्यावर रोज बदलायची पट्टी असते. महाबळेश्वरचा मध कितीही अस्सल असला तरी त्यात जंतूंची बीजे असू शकतात. शिवाय पट्टीविना लावलेल्या मधाला मुंग्या लागतात, हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. बंद टाक्यांवर मधाचे काहीच काम नाही.

कॅलेंडुला: होमिओपॅथीच्या दुकानात याचा अर्क मिळतो. काही जण याला झेंडू समजून अंगणातल्या झेंडूच्या पाकळ्या वाटतात. ही दोन्ही फुले दिसायला जवळची असली तरी झाडे वेगळी. बाटलीतला अर्क मद्यार्कात असतो. तो टाक्यांवर झोंबतो आणि चाटला तर पोटात जातो.

सीताफळाचा पाला आणि टर्पेंटाइन: गुरांच्या जखमेत किडे पडले की खेड्यापाड्यांत सीताफळाचा पाला वाटून भरतात. टर्पेंटाइनचा बोळाही पूर्वीपासून वापरात आहे. पाच-सहा मणांच्या बैलाला जे सोसते ते तीन किलोच्या मांजराला सोसणार नाही. गुरांसाठी मिळणाऱ्या वनस्पतीजन्य मलमांत आणि फवाऱ्यांत टर्पेंटाइन, देवदार, निलगिरी अशी तेले असतात. डबीवर गाय-बैलाचे चित्र असेल आणि मांजराचा उल्लेख नसेल, तर ती मांजरासाठी नाही असे खुशाल समजावे. मांजराच्या जखमेत किडे दिसले तर घरी काहीही न ओतता तडक दवाखाना गाठावा. किडे एकेक करून काढावे लागतात.

बाटलीतली औषधेही जपून

झाडपाला वाईट आणि रसायन चांगले, असा याचा अर्थ नाही. ही सीमारेषा वाटते तितकी ठळकही नाही. इंजेक्शनआधी पुसायचे स्पिरिट आपल्या साखर कारखान्यांच्या मळीपासून बनते, म्हणजे ते उसाचेच. आयोडीनचा शोध १८११ साली समुद्रशेवाळाच्या राखेतून लागला. एखादे द्रव्य कोठून आले याला महत्त्व नाही. ते किती तीव्र आहे, कोणत्या जागी लावले आणि ते कोणाच्या यकृतात जाणार, हे पाहावे लागते.

पाण्यात टाकताच दुधाळ होणारी, घरोघरी असलेली जंतुनाशके आणि फरशी पुसायचे फिनाइल ही मांजराच्या अंगाला कधीच लावू नयेत. त्यांत फिनॉल जातीची द्रव्ये किंवा पाइन तेल असते. १८६५ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्ल जखमेवर वापरून माणसांच्या शस्त्रक्रियेचा इतिहास बदलला. तेच कार्बोलिक आम्ल म्हणजे फिनॉल, आणि मांजराला ते घातक ठरते. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही टाक्यांवर नको.

येथेच आणखी एक कळकळीची सूचना. शस्त्रक्रियेनंतर मांजर कण्हते आहे, म्हणून घरातली तापाची गोळी कोणी देऊ नये. पॅरासिटामॉल मांजराचे यकृत निकामी करते आणि रक्तातील तांबड्या पेशी नासवते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही मांजराचा जीव घेण्यास पुरेशी आहे. हिरड्या निळसर-तपकिरी होणे, तोंड व पंजे सुजणे, धाप लागणे ही त्याची लक्षणे. गोळी पोटात गेली असेल तर लक्षणांची वाट न पाहता धावावे, कारण वेळेवर दिले तर यावर उतारा आहे.

मग करावे तरी काय?

पहिल्या दिवशी मांजराला उबदार, शांत, उंचावर नसलेल्या जागी ठेवावे. भुलीचा अंमल पुरता उतरेपर्यंत खायला देऊ नये. नंतर थोडे-थोडे द्यावे.

चाटणे थांबवणे हेच खरे औषध. गळ्यात घालायची प्लास्टिकची कॉलर मिळते. पूर्वी आम्ही जुन्या एक्स-रे फिल्मची कॉलर कापून देत असू, आणि तीही उत्तम काम करी. कॉलर मांजराला सोसत नसेल तर जुन्या बनियनचे किंवा बाळाच्या झबल्याचे चार पायांना भोके पाडलेले कुडते घालता येते. ते ओले किंवा मळके झाले की बदलावे. दया येऊन रात्री कॉलर काढून ठेवू नये. टाके बहुधा रात्रीच चाटले जातात.

माती-वाळूच्या डब्याऐवजी दहा दिवस फाडलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे वापरावेत. वाळूचे कण टाक्यांत जातात. वाचून झालेल्या या अंकाचाही असा सदुपयोग झाला तर आमची हरकत नाही.

रोज सकाळ-संध्याकाळ उजेडात टाके पाहावेत, पण हात लावू नये. वरून काही घाण लागली असेल तरच पुसावे. त्यासाठी अर्धा लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे ४ ते ५ ग्रॅम मीठ घालून ते उकळावे आणि झाकून थंड करावे. हात साबणाने धुऊन, स्वच्छ गॉज त्यात बुडवून, पिळून, हलके टिपून घ्यावे, घासू नये. लगेच दुसऱ्या गॉजने कोरडे करावे. कापूस वापरू नये, त्याचे धागे टाक्यांत अडकतात. पोव्हिडोन आयोडीन पशुवैद्याने सांगितले तरच लावावे, तेही फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून. साबणासारखा फेस होणारा त्याचा प्रकार हात धुण्यासाठी असतो, जखमेसाठी नव्हे.

दहा ते चौदा दिवस अंघोळ नाही, गच्ची नाही, कपाटावर उड्या नाहीत. प्रतिजैविकांचा क्रम दिला असेल तर पुरा करावा. दिला नसेल तर घरातल्या माणसांची उरलेली कॅप्सूल देऊ नये.

गल्लीतल्या मांजराची शस्त्रक्रिया करून घेणारी पुष्कळ भली मंडळी आपल्या भागात आहेत. त्यांनी भरतीच्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे की हे मांजर पुन्हा हाती लागणार नाही. मग आत विरघळणारे टाके घालता येतात. तरीही त्याला काही दिवस बंद खोलीत किंवा पिंजऱ्यात ठेवावेच.

दवाखाना कधी गाठावा?

टाक्यांजवळ थोडी सूज आणि पहिल्या दिवशी किंचित लालसर ओलावा, एवढ्याने घाबरू नये. पण कडा उलणे, वास येणे, पू किंवा सतत पाणी गळणे, सूज वाढत जाणे, तिसऱ्या दिवशीही न खाणे, एका जागी सुस्त बसणे, अंग फार तापणे किंवा उलट गार पडणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दाखवावे. मांजराच्या शरीराचे तापमान साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. नुसत्या हाताला गरम लागले म्हणून ताप समजू नये. छेदातून आतले काही बाहेर डोकावताना दिसले, तर ओला स्वच्छ कपडा ठेवून, आत न ढकलता, थेट निघावे. जवळ सोय नसेल तर लोकलने परळ गाठता येते. तेथील बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून मुक्या प्राण्यांच्या सेवेत आहे.

खर्चाचा विचार प्रत्येकाला करावा लागतो, हे मी जाणतो. म्हणूनच सांगतो, उललेले टाके पुन्हा घालायचे तर पुन्हा भूल आली, पुन्हा खर्च आला आणि मांजराच्या जिवाला पुन्हा धोका आला. त्यापेक्षा कॉलर कितीतरी स्वस्त.

मनीचे पुढे काय झाले? लेप भिजवून, मऊ करून काढायला अर्धा तास लागला. खाली त्वचा लाल झाली होती आणि वरचे दोन टाके चाटून सुटले होते. सुदैवाने आतली शिवण शाबूत होती. तिला कॉलर घातली, औषध दिले आणि लावायचे काहीच दिले नाही. काकूंना ते पटेना. "नुसतेच उघडे ठेवायचे?" असे त्यांनी तीनदा विचारले. मी म्हटले, "काकू, तुमची माया कॉलर सांभाळण्यात खर्च करा. हळद आमटीत घाला. आणि देवळातला अंगारा तिच्या कपाळाला लावा, टाक्यांना नको."

चौदाव्या दिवशी काकू मनीला त्याच पिशवीतून टाके काढायला घेऊन आल्या. कुशीवर एक बारीक, कोरडी, गुलाबी रेघ उरली होती.